विक्रीचे सॉफ्टवेअर घ्यावे, पण आधी विक्रीचे धोरण लिहावे



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे जे विषय येणार आहेत, त्यांत एक विषय नवा आहे. साखर, इथेनॉल आणि सहवीज या तिन्ही मालांची विक्री, त्यांचे करार व भावातील जोखीम सांभाळण्यासाठी संगणकाचे एक मोठे सॉफ्टवेअर घ्यावयाचे, असा तो प्रस्ताव आहे. गटवार बैठकांत त्यावर दोन टोकांची बोलणी ऐकू आली. एक बाजू म्हणते, "काट्यावरची रांग आधी कमी करा, संगणकाचं मग बघू." दुसरी बाजू म्हणते, "जमाना कुठल्या कुठं गेला, आपण अजून वहीतच." दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, पण नेमका प्रश्न दोन्ही बाजूंनी राहून जातो, म्हणून या पानावर आम्ही चार शब्द लिहीत आहोत.

आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. असा प्रोग्रॅम कारखान्याला हवा आहे. मात्र प्रस्तावात आहे तेवढा मोठा नको, आणि दिवाळीच्या तोंडावर तर मुळीच नको. शिवाय त्याच्याआधी विक्रीचे लेखी धोरण सभेने मंजूर करावयास हवे. याची कारणे सभासदांनी नीट वाचावीत, ही विनंती.

हा प्रश्न आजच का आला?

जुन्या सभासदांना आठवत असेल, कारखान्याला पूर्वी विक्रीची फारशी डोकेदुखी नव्हती. साखरेचा काही भाग लेव्हीत जाई, आणि उरलेली खुली साखर कोणत्या महिन्यात किती सोडायची हे दिल्लीहून ठरून येई. रंगराजन समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला आणि २०१३ मध्ये लेव्ही व कोटा दोन्ही उठले. मग भाव पडले, थकबाकी वाढली, आणि जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये किमान विक्री दर व महिन्याचा विक्री कोटा परत आला. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो दर ३१ रुपये झाला. २०२४-२५ चा हंगाम संपला तरी तो तिथेच होता.

आता उसाकडे बघा. एफआरपी २०१८-१९ ला टनाला २,७५० रुपये होती, १० टक्के पायाभूत उताऱ्यावर. २०२५-२६ साठी ती ३,५५० रुपये ठरली, १०.२५ टक्के उताऱ्यावर. ती वाढली याचा आम्हांस आनंदच आहे. शेतकऱ्याचा खर्च त्याहून वेगाने वाढला आहे. पण कारखान्याच्या अंगाने पाहिले तर कच्च्या मालाचा भाव कायद्याने ठरतो, तो खाली येत नाही. पक्क्या मालाचा भाव मात्र बाजार ठरवतो, आणि तो आज वर तर उद्या खाली. या दोन भावांमधली जी फट आहे, तीच आपली जोखीम. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे, नाही दिले तर १५ टक्के व्याज. साखर मात्र गोदामात आठ-आठ महिने बसते.

मालही आता एक राहिला नाही. तोच ऊस, त्याची साखर करावी की रसापासून इथेनॉल? मळी बी-हेवी काढावी की सी-हेवी? २०२२-२३ च्या इथेनॉल वर्षात रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला ६५.६१ रुपये, बी-हेवीला ६०.७३ आणि सी-हेवीला ४९.४१ रुपये दर होता. २०२४-२५ ला पहिले दोन दर तिथेच राहिले आणि सी-हेवीचा दर ५७.९७ झाला. म्हणजे दोन वर्षांत तिघांमधले अंतरच बदलून गेले. ज्याने जुन्या आकड्यांवर बेत केला, त्याचा बेत चुकला.

७ डिसेंबर २०२३ तर सर्वांच्याच लक्षात आहे. ऐन गाळपात केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. आठवडाभरात ती सैल करून रस आणि बी-हेवी दोन्हींना मिळून १७ लाख टन साखरेची मर्यादा घातली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या इथेनॉल वर्षासाठी ती बंधने उठली. निर्यातीचेही तसेच. जून २०२२ पासून परवानगीवाचून साखर बाहेर जात नाही. २०२३-२४ च्या हंगामात निर्यात जवळजवळ बंदच होती, आणि जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांची वाट मोकळी झाली. वीज महावितरणला द्यायची की वीज एक्स्चेंजवर, हाही हिशेब आता मांडावा लागतो. तिथे दर पंधरा मिनिटांचा एक तुकडा, असे दिवसाचे ९६ तुकडे आणि प्रत्येकाचा भाव निराळा.

एवढ्या गोष्टी विक्री विभागाच्या दोन कारकुनांनी आणि चीफ अकौंटंट साहेबांनी चार वह्यांत व दहा एक्सेलच्या फायलींत सांभाळाव्यात, ही अपेक्षा आता जास्तीची आहे. त्या मंडळींची निष्ठा आम्ही जाणतो, पण माणसाच्या डोक्यालाही मर्यादा असते.

हे सॉफ्टवेअर करते तरी काय?

हा प्रकार मुळात आपल्या धंद्यातला नाही. अमेरिका व युरोपात १९९० च्या दशकात वीज आणि गॅसचे बाजार खुले झाले. तेव्हा त्या व्यापाऱ्यांना सौदे, वाहतूक, साठा आणि भावातली जोखीम एकाच ठिकाणी पाहण्याची गरज पडली. त्यातून हे प्रोग्रॅम तयार झाले आणि पुढे धान्य, कापूस, कॉफी, साखर यांच्या व्यापारात आले. विकणाऱ्या कंपन्यांचे माहितीपत्रक वाचले तर डोके गरगरते. पण शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ते तीन प्रश्नांची उत्तरे रोज सकाळी देते. माल किती न विकलेला आहे? आजच्या भावाने त्याची किंमत काय? आणि विकलेल्यापैकी किती मालाचे पैसे अजून दुसऱ्याच्या खिशात आहेत?

उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, ते आपल्या कारखान्याचे नव्हेत. समजा, जानेवारीअखेर २ लाख क्विंटल साखर तयार झाली. पैकी ४० हजार क्विंटल विकली, उचलली, पैसेही आले. ३० हजार क्विंटलचे टेंडर झाले, पण व्यापाऱ्याने अजून उचल केली नाही. १ लाख ३० हजार गोदामात, विकावयाची. विक्रीच्या वहीत काय दिसते? ७० हजार विकली. आता भाव क्विंटलमागे १०० रुपयांनी उतरला. न विकलेल्या साखरेवर १ कोटी ३० लाखांचा फरक पडला, हे कोणीही सांगेल. पण ज्याने ३० हजार क्विंटल घेतो म्हणून सांगितले, त्याला आता तीच साखर शेजारच्या कारखान्यात १०० रुपयांनी स्वस्त मिळते. त्याने पाठ फिरवली तर आणखी ३० लाख. त्याची अनामत क्विंटलला ५० रुपये धरली, तर तिने १५ लाख भरून निघतात. बाकी १५ लाख कोणाचे? आपले, म्हणजे उसाच्या बिलातले.

गोष्ट इथे थांबत नाही. साखर बँकेकडे तारण आहे. भाव उतरला की बँक मूल्यांकन उतरवते. बँक मूल्यांकनाच्या ८५ टक्के उचल देते असे धरले, तर १०० रुपये मूल्यांकन घटल्यावर क्विंटलला ८५ रुपये उचल कमी होते. गोदामातल्या १ लाख ६० हजार क्विंटलवर ती होते १ कोटी ३६ लाख. साखर विकायच्या आधीच तेवढा पैसा हातातून गेला. ज्या पंधरवड्याचे बिल त्यातून द्यायचे ठरले होते, ते अडले. सभासद बँकेत जाऊन विचारतो, "बिल आलं का?" आणि कॅशियर मान हलवतो. त्या मान हलवण्यामागे हे सगळे गणित असते.

चांगला प्रोग्रॅम हे गणित भाव पडल्यावर नव्हे, त्याच दिवशी आणि शक्य तर आधी मांडतो. "भाव १०० रुपयांनी पडला तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्याचे बिल देता येणार नाही, तेव्हा आज ४० हजार क्विंटल काढा," इतके जरी त्याने वेळेवर दाखवले तरी त्याचे मोल झाले. पाच लाख टन गाळप आणि ११ टक्के उतारा धरला तर साडेपाच लाख क्विंटल साखर होते. क्विंटलला ५० रुपयांचा फरक म्हणजे २ कोटी ७५ लाख, म्हणजे उसाच्या टनाला ५५ रुपये. सॉफ्टवेअरवर एक कोटी गेले तर टनाला २० रुपये. खर्चाचा विचार या मापाने करावा. नुसता "कोटी" शब्द ऐकून बिचकू नये, आणि भुलूही नये.

यंत्राला काय जमत नाही

आता दुसरी बाजू. भाव वर जाणार की खाली, हे कोणताही संगणक सांगत नाही. सांगतो म्हणणारा विक्रेता भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसांचा कारभार ढिला असेल तर यंत्र तो कसून देत नाही. उलट चुकीचा आकडा सुबक छापून देते, आणि छापील आकड्यावर माणूस लवकर विश्वास ठेवतो.

लंडनची बेअरिंग्ज बँक २३३ वर्षांची जुनी. १९९५ मध्ये ती बुडाली. सिंगापूरच्या कचेरीत निक लीसन नावाचा एक तरुण वायद्याचे सौदे करीत असे, आणि त्या सौद्यांचा जमाखर्च लिहिण्याचे कामही त्याच्याच ताब्यात होते. तोटा एका आडबाजूच्या खात्यात साठत गेला, तो ८२ कोटी ७० लाख पौंडांपर्यंत. बँकेकडे संगणक होते. मात्र सौदा करणारा आणि हिशेब लिहिणारा वेगळा असावा, हा गावच्या सोसायटीलाही ठाऊक असलेला नियम पाळला गेला नव्हता. टेंडर ज्याने उघडले त्यानेच उचल नोंदवायची, त्यानेच पैसे आल्याची खूण करायची, असे असेल तर कुंपणच शेत खाणार. सॉफ्टवेअर त्याला अडवत नाही. अडवायचे कोणाला हे आधी आपण ठरवावे लागते.

आपल्याकडचे उदाहरण २०१३ चे. मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजवरचे व्यवहार जुलैअखेर थांबले आणि सुमारे ५,६०० कोटी रुपयांची देणी अडकली. तिथे सौदे पडद्यावरच होत. पण पडद्यावर जो माल गोदामात दिसत होता, तो पुष्कळ ठिकाणी गोदामात नव्हता. धडा साधा आहे. विक्रीचा प्रोग्रॅम गोदाम-कीपरच्या रोजच्या पोतेमोजणीला आणि काट्याच्या पावतीला जोडलेला नसेल, तर तो शोभेचा. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

तिसरे उदाहरण जर्मनीचे. मेटालगेसेलशाफ्ट नावाच्या मोठ्या कंपनीच्या अमेरिकेतील शाखेने ग्राहकांना पुढच्या अनेक वर्षांसाठी ठरलेल्या भावाने तेल देण्याचे करार केले, आणि भाव चढण्याची धास्ती म्हणून वायदेबाजारात तेल विकत घेऊन ठेवले. १९९३ मध्ये भाव पडला. ग्राहकांच्या करारातून नफा पुढे वर्षानुवर्षे यायचा होता, पण वायदेबाजार रोज रोख पैसे मागू लागला. तोटा सुमारे १३० कोटी डॉलरवर गेला आणि बँकांना धावून यावे लागले. संरक्षणासाठी केलेल्या सौद्यानेही रोकड आटते, हे आम्हांस यातून दिसते. आपली रोकड ही उसाच्या बिलाची रोकड आहे. तिच्यावर वायदेबाजाराचा हात पडता कामा नये.

म्हणूनच प्रस्तावातील एका भागावर आमचा स्पष्ट आक्षेप आहे. न्यूयॉर्क आणि लंडनच्या साखर वायद्यांचे सौदे सांभाळणारा मोठा विभाग त्यात आहे. न्यूयॉर्कचा कच्च्या साखरेचा एक सौदा १ लाख १२ हजार पौंडांचा, म्हणजे जवळपास ५१ टनांचा. लंडनचा पांढऱ्या साखरेचा ५० टनांचा. जो कारखाना नियमित निर्यात करतो, त्याला त्याचा उपयोग आहे. आपली निर्यात परवानगी मिळेल तेव्हा आणि तेवढीच, आणि तीही निर्यातदारामार्फत. देशातल्या वायद्यांचा भरवसा काय सांगावा? मे २००९ मध्ये सरकारने साखरेचे वायदे थांबवले ते २०१० च्या अखेरीस सुरू झाले. जे हत्यार आपण चालवणार नाही, त्याचे पैसे का भरावेत? आणि घरात हत्यार आले की कोणाला तरी ते चालवून पाहण्याची इच्छा होतेच, हाही मनुष्यस्वभाव आहे. तो विभाग वगळावा.

निवड कशी करावी?

विक्रेते येतात, पडदा लावतात, रंगीत आलेख दाखवतात. त्यांतले आकडे त्यांचे असतात, म्हणून सगळे सुरळीत चालते. आमची सूचना अशी की, गेल्या हंगामातले आपले स्वतःचे शंभर व्यवहार निवडावेत, आणि तेही अवघड असलेले. टेंडर एकाच्या नावाने पण उचल दुसऱ्याच्या ट्रकने. अर्धी उचल जानेवारीत, अर्धी मार्चमध्ये. महिन्याच्या कोट्यात न बसलेली विक्री. तेल कंपनीच्या डेपोवरून परत आलेला टँकर. तारणातून सोडवलेली आणि न सोडवलेली साखर एकाच गोदामात. हे शंभर व्यवहार विक्रेत्यांना द्यावेत आणि आपल्या कारकुनांच्या समोर, त्यांच्याच हाताने भरून दाखवायला सांगावेत. ज्याचा प्रोग्रॅम त्यातून पार पडेल, त्याच्याशी भावाची बोलणी करावी. बैल घेताना आपण दात बघतो आणि औताला जुंपूनही बघतो. इथे फक्त झूल पाहून का घ्यावा?

दुसरी गोष्ट, तो प्रोग्रॅम उसाच्या हिशेबाशी बोलला पाहिजे. शेतकी खात्याची नोंद, काटा, गाळप, गोदाम, बँकेचे तारण आणि उसाचे बिल ही एकच साखळी आहे. शिवाय मे २०२५ मध्ये केंद्राने नवा साखर (नियंत्रण) आदेश काढला. कारखान्याची संगणक-यंत्रणा केंद्राच्या अन्न खात्याच्या पोर्टलशी थेट जोडण्याचा विषय त्यात आला आहे. तेव्हा जे घेऊ ते त्याला जोडता आले पाहिजे. नाहीतर एकच आकडा तीन ठिकाणी भरावा लागेल, आणि तिन्ही ठिकाणी वेगळा निघेल.

तिसरी गोष्ट मालकीची. या धंद्यातल्या कंपन्याच विकल्या जातात. ट्रिपल पॉइंट, ओपनलिंक, अ‍ॅलेग्रो ही या क्षेत्रातली मोठी नावे. २०१३ ते २०१९ या काळात तिन्ही आयन या एकाच समूहाच्या हाती गेली. त्यात बेकायदा काही नाही, पण आज ज्याच्याशी करार केला तो उद्या कोण असेल याची खात्री नाही. म्हणून आपला हिशेब आपल्याच मालकीचा राहील, करार संपला तर साध्या, वाचता येणाऱ्या फायलींत तो सगळा परत मिळेल, आणि वार्षिक देखभालीचा दर पहिल्या पाच वर्षांसाठी बांधलेला असेल, हे करारातच लिहून घ्यावे. पहिल्या वर्षीची सवलत बघून सही करू नये. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा व्यवहार असतो. किमतीबरोबर देखभाल, शिकवणी, फेरफार आणि माणसांचा वेळ धरून पाच वर्षांचा एकूण खर्च सभेपुढे मांडावा.

चौथी गोष्ट, यंत्र बंद पडल्यावर काय? जानेवारी २०२३ अखेर त्याच आयन समूहाच्या वायदे हिशेबाच्या एका विभागावर खंडणीखोरांनी संगणकी हल्ला केला. जगातल्या मोठमोठ्या दलालांना काही दिवस हाताने नोंदी करीत बसावे लागले. त्यांच्यावर ही पाळी आली, तर आपल्यावर येणार नाही असे कोणी समजू नये. एक दिवसाआड छापील गोषवारा काढून ठेवणे आणि हाताने टेंडर चालवण्याची पद्धत जिवंत ठेवणे, एवढी खबरदारी हवीच.

मुहूर्त चुकवू नये

प्रस्तावात दिवाळीपूर्वी काम सुरू करून गाळपाबरोबर नवी पद्धत चालू करावयाची असे म्हटले आहे. विक्रेत्याची सवलत तेवढ्यापुरतीच आहे, असेही कारण दिले आहे. येथे आम्ही संचालक मंडळाशी नम्रपणे, पण ठामपणे असहमत आहोत.

अमेरिकेतील हर्शी ही चॉकलेट करणारी मोठी कंपनी, म्हणजे एका अर्थाने साखरेचीच गिऱ्हाईक. तिने सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून नवी संगणक-यंत्रणा आणली. चार वर्षांचे काम अडीच वर्षांत उरकले आणि १९९९ च्या जुलैत ती सुरू केली. तिकडे ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविन सणाला चॉकलेटचा मोठा खप असतो. नेमके त्याच हंगामात यंत्रणा अडखळली. माल गोदामात होता, दुकानदारांच्या ऑर्डरी होत्या, आणि तरी सुमारे १० कोटी डॉलरचा माल वेळेवर पोचू शकला नाही. त्यांचा हंगाम तो आपला नोव्हेंबर.

मोळी टाकल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत कारखान्यात काय धांदल असते हे सांगायला नको. तोडणी टोळ्या, वाहने, काटा, बॉयलर, पहिली उचल जाहीर करण्याची घाई. त्यातच कारकुनाने नवी पद्धत शिकायची? सवलत गेली तर जाऊ द्यावी. ती पुढच्या वर्षी पुन्हा येते, असा बाजाराचा अनुभव आहे. उसाचे बिल चुकले तर जी पत जाते ती मात्र सवलतीत परत मिळत नाही. हा हंगाम जुन्याच पद्धतीने चालवावा. तेवढ्यात शंभर व्यवहारांची परीक्षा घ्यावी. गाळप आटोपल्यावर उन्हाळ्यात प्रोग्रॅम बसवावा, आणि त्यापुढचा एक हंगाम वही आणि संगणक दोन्ही बरोबर चालवावेत. महिनाअखेर दोन्हींची बेरीज जुळली तरच वही बंद करावी.

धोरण सभासदांचे, यंत्र नोकराचे

मूळ मुद्द्यावर येतो. प्रोग्रॅमला मर्यादा भराव्या लागतात. एका व्यापाऱ्याला जास्तीत जास्त किती साखर द्यायची? अनामत किती? किती दिवसांत उचल? किती महिन्यांच्या बिलाइतकी साखर न विकता ठेवायची मुभा? भाव किती पडला म्हणजे थांबून संचालक मंडळाला विचारायचे? ही मर्यादा कोण ओलांडू शकतो आणि कोणाच्या सहीने? या प्रश्नांची उत्तरे आज आपल्याकडे लेखी नाहीत. ती चेअरमनसाहेबांच्या आणि कार्यकारी संचालकांच्या अनुभवात आहेत. तो अनुभव मोलाचा आहे, त्यावर कारखान्याने अनेक वाईट वर्षे काढली आहेत. पण माणसे बदलतात, निवडणुका होतात, अनुभव खुर्चीबरोबर राहत नाही. तो कागदावर उतरला पाहिजे. ही उत्तरे आपण दिली नाहीत, तर ती विक्रेत्याचा इंजिनिअर आपल्या सोयीने भरून जाईल. मग कारखान्याचे धोरण पुण्या-बंगळूरच्या एखाद्या तरुणाने ठरवले असे होईल, ज्याने ऊस फक्त रसाच्या दुकानात पाहिला आहे.

कोणी विचारील, एवढा खुलासा केला तर व्यापाऱ्यांना आपले गुपित कळणार नाही का? टेंडर उघडण्यापूर्वी कोणतीही माहिती बाहेर जाऊ नये, हे आम्हांस मान्य आहे. आम्ही मागतो ते महिना संपल्यानंतरचे एक पान. किती साखर, इथेनॉल, वीज विकली, सरासरी काय भाव पडला, किती साखर न विकलेली आहे, किती विकलेली पण न उचललेली आहे, तारणावर किती कर्ज आहे आणि किती पंधरवड्यांची उसाची बिले देणे आहे. महसूल विभागणीच्या सूत्राप्रमाणे साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा, किंवा नुसत्या साखरेचा ७५ टक्के, उसाला धरायचा असतो. ते सूत्र आपल्याला लागू पडते का, हे सभासदाला याच आकड्यांवरून कळणार. हे पान याच पत्रकात छापावे, त्यासाठी जागा आम्ही आनंदाने देऊ.

लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साहाय्याने सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा शेतकरी आपल्या मालाचा हिशेब आपण ठेवू शकतो का, अशीच शंका घेतली जात होती. प्रवरेच्या धुराड्याने १९५० च्या दशकाच्या तोंडावर तिचे उत्तर दिले. आज हिशेबाचे साधन बदलले आहे. हिशेब कोणाचा, हा प्रश्न तोच आहे.

म्हणून सभेत या विषयावर पुढील दुरुस्ती सुचवावी, असे आम्ही सभासदांना आवाहन करतो. विक्रीचे लेखी धोरण प्रथम सभेपुढे यावे. परदेशी वायद्यांचा विभाग वगळावा. आपल्या शंभर व्यवहारांच्या परीक्षेवरून निवड व्हावी, आणि त्या परीक्षेला दोन सभासद प्रतिनिधी व एक बाहेरचा जाणकार हजर असावा. सौदा, गोदाम आणि जमाखर्च या तीन किल्ल्या तीन हातांत असाव्यात. बसवणी गाळपानंतर व्हावी. आणि दरमहा एक पान सभासदांपुढे यावे.

सभेला मोठ्या संख्येने या, विषयपत्रिका घरून वाचून या, आणि या विषयाला हात वर करण्याआधी किमान एक प्रश्न तरी विचारा. "मंजूर, मंजूर" म्हणायला वेळ लागत नाही. टनाला ५५ रुपये मात्र त्या एका शब्दात येऊ किंवा जाऊ शकतात.

जय सहकार!